चौदावी तालीम

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते. बिडाच्या फौंड्रीत एकोणीस वर्षं काढली की थंड डोकं उरत नाही. पण ज्या सकाळची ही गोष्ट आहे त्या सकाळी मी अगदी शांत होते, खुशीत होते म्हणा ना. कानामागचा टोच्यासुद्धा गप्प होता. सगळा घोळ नेमका तिथेच झाला.

टोच्या हे नाव आमच्या कामगारांनी ठेवलेलं. सरकारी नाव 'अंतःसाक्ष', पण ते कुणाच्या तोंडात बसतंय? चार वर्षांपूर्वी व्यवस्थापक सद्भाव कायदा आला आणि ज्याच्या ज्याच्या सहीने कारखान्यातून माल बाहेर पडतो, त्या प्रत्येकाच्या कानामागे ही टिकलीएवढी चकती बसली. व्याख्यानं देऊन, नीतिमत्तेच्या पुस्तिका वाटून, भिंतीवर सुविचार लावून व्यवस्थापक सुधारत नाहीत, हे सरकारला उशिरा का होईना कळलं होतं.

त्यामागचं शास्त्र फार अवघड नाही. आपण स्वतःच्या मनाविरुद्ध काही करायला निघालो, की मेंदूच्या दोन अर्धांच्या मधल्या पट्टीत एक खळबळ उठते. ती शब्दांच्या आधी येते. 'हे काही बरोबर नाही' असं वाटायच्या आतच हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं, कातडीला न दिसणारा घाम सुटतो. चकती हे मोजते. पण प्रत्येकाची खळबळ वेगळी. कुणाला नवऱ्याशी खोटं बोलताना काही होत नाही, कुणाला रिक्षावाल्याशी घासाघीस केली तरी दिवसभर चुटपुट लागते. म्हणून पहिले सहा महिने चकती नुसती शिकते, तुम्हाला कशाचं काय वाटतं ते. मग टोचायला लागते. बारीक, मुंगी चावावी इतकंच.

टोच्या कुणाला अडवत नाही. टोचतो आणि नोंद करतो. पुढे माल सदोष निघाला तर ती नोंद उघडतात. टोचूनही सही केली असेल तर तुरुंग. टोचलंच नसेल तर ती 'शुद्ध सही', माणसाने प्रामाणिकपणे केलेली. आणि शुद्ध सहीचा माल कायद्याने निर्दोष. मग दोष दुसरीकडे शोधायचा.

आमच्या शिवतारा फौंड्रीत त्या सहीचा मान माझा होता. वैजयंता चौगुले, गुणवत्ता व्यवस्थापक. पहिल्या वर्षी माझा टोच्या दोनशे बारा वेळा टोचला, आणि त्या प्रत्येक वेळी मी सही न करता कागद परत पाठवला. मालकांनी गेटसमोर मांडव घालून शाल-श्रीफळ दिलं. सगळ्यात जास्त टोचून घेणारी बाई म्हणून एमआयडीसीत सत्कार झालेली मीच पहिली. कामगार हसले, मीही हसले. पण खोटं कशाला सांगू, आत कुठेतरी अभिमान वाटला होता.

आता आबांबद्दल सांगते. आबा नेजदार. मी बावीस वर्षांची पोर डिग्री घेऊन फौंड्रीत आले तेव्हा भट्टीवरची माणसं मला बघून गाणी म्हणायची. आबा तेव्हा क्वालिटीचे प्रमुख. त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या हातात स्वतःचा छोटा हातोडा दिला आणि म्हणाले, "हिच्या कानाला जे खणखणीत वाटंल तेच बाहेर जाईल. कुणाला शंका?" गाणी त्या दिवशी थांबली.

गाडीचं चाक ज्यावर वळतं तो सांधा आम्ही ओततो, चिवट बिडाचा. साध्या बिडात कार्बनचे पापुद्रे असतात, म्हणून ते ठिसूळ. वितळलेल्या रसात मॅग्नेशियम टाकलं की पापुद्र्यांच्या गोळ्या होतात आणि बीड चिवट होतं. पण मॅग्नेशियमला धीर नाही. रस ओतायला दहा मिनिटं उशीर झाला की ते उडून जातं, गोळ्यांचे पुन्हा पापुद्रे. वरून बघून काही कळत नाही. तुकडा टांगून हातोडा मारला तर कळतं. चिवट बीड घंटेसारखं खणखणतं. ठिसूळ असेल तर बद्द.

आता यंत्रं आहेत हे तपासायला. पण शिवतारामध्ये आबांची रीत कायम होती. दर लॉटमधला एक तुकडा सही करणाऱ्याने वाजवायचा, आणि जे ऐकू आलं ते मोठ्याने बोलायचं. तुकडा ढिगातून स्वतःच्या हाताने उचलायचा, दुसऱ्याने दिलेला घ्यायचा नाही. हे नंतर कारखान्याच्या लेखी नियमातही गेलं. आणि एक नियम लेखी नव्हता: तुकड्यावर हात असताना खोटं बोलायचं नाही. आमच्याकडे कुणाचा डबा चोरीला गेला तरी म्हणायचे, "ये, तुकड्यावर हात ठेवून सांग." आबा थट्टेने सांगायचे, "वैजू, बोलायचंच झालं खोटं, तर आधी हात काढून घे. बीड ऐकतंय."

आबा निवृत्त होऊन सल्लागार झाले. सल्लागाराची सही लागत नाही, म्हणून त्यांना टोच्याही नव्हता. माझ्या छायेचं संमतिपत्र मात्र त्यांनीच माझ्याकडे आणलं.

छाया म्हणजे काय, तर चकतीने सहा महिन्यांत तुमच्याबद्दल जे शिकलं त्याचा साठा. चकती बनवणाऱ्यांच्या संगणकात तो राहतो. तिला चेहरा नाही, आवाज नाही. तिला एखादी परिस्थिती द्यायची: असे कागद आहेत, अमका माणूस घेऊन आलाय, अशी वेळ आहे. ती फक्त सांगते, टोचेल की नाही. चकती बिघडलीय का हे तपासायला ती ठेवतात. कारखान्यालाही ती वापरायची असेल तर सही करणाऱ्याची परवानगी लागते.

"नुसती तपासणी गं," आबा म्हणाले होते. "तुझा टोच्या बंद पडला तर आम्ही आंधळे. कर सही."

केली. आबांनी आणलेला कागद मी कधी वाचला असेल तर शपथ.

त्या सकाळी, जानेवारीत, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. मला अकरापर्यंत दवाखान्यात पोचायचं होतं आणि चारशे सतरा नंबरचा लॉट सहीसाठी थांबला होता. मी हातोडा घेऊन मागच्या आवाराकडे निघाले, तेवढ्यात आबा केबिनमध्ये आले. एका हातात सांधा, दुसऱ्या हातात छोटा स्टीलचा डबा.

"काय म्हणतोय आईचा गुडघा?"

"आज आहे ऑपरेशन. साडेअकराला आत घेणार."

"मग हितं काय करतीयास? जा की. ढिगाकडं कुठं पायपीट करतीस, मी उचलून आणलाय बघ." त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला. त्यावर ४१७ ठोकलेलं होतं. मग डबा पुढे सरकवला. "तुझ्या काकीनं खर्डा दिलाय. दवाखान्यातलं मिळमिळीत खाऊन तोंडाची चव जाईल म्हणाली."

मी तुकडा टांगला, हातोडा मारला. इतका स्वच्छ आवाज आला की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

"खणखणीत," मी म्हणाले आणि सही केली. कानामागे काही म्हणजे काही झालं नाही.

तो खर्डा मी आठवडाभर दवाखान्यात भाकरीबरोबर खाल्ला. आईला तिखट चालत नव्हतं, तरी तिने बोट लावून चाखला. आबांना देव चांगलं आयुष्य देवो असंही म्हणाली.

जूनमध्ये मला गेटवरून फोन आला की एक बाई सकाळपासून बसून आहे, नाव सांगते पण काम सांगत नाही. मी चिडूनच गेले. पस्तिशीची असेल. पायात प्लॅस्टिकची चप्पल, मांडीवर कागदांची पिशवी.

"सहीवाल्या मॅडम तुम्हीच का?"

"हो. काय काम आहे?"

"मी रेश्मा कुंभार. माझे मालक दुधाचा टेम्पो चालवायचे. मे महिन्यात कळे गावाच्या पुढं उतारावर चाक वळंना. टेम्पो एसटीच्या थांब्यात घुसला. एक म्हातारे गुरुजी गेले. ह्यांचा पाय कापला." तिने हे सगळं एका दमात सांगितलं, अनेकदा सांगून पाठ झाल्यासारखं. "पोलीस म्हणत्यात, डुलकी लागली असणार. गाडीत दोष न्हाई, कारण ह्या तुकड्याची सही शुद्ध हाय. म्हणजे दोष ह्यांचा. केस ह्यांच्यावर. बरे झाले की आत घालणार."

"टेम्पो कुठे आहे?"

"बॅटरी पेटली. त्या तुकड्याचा कोळसा झालाय, त्यातनं काही सांगता येत न्हाई असं प्रयोगशाळेनं लिवून दिलंय." तिने पिशवीतून कागद काढला. माझी सही होती. लॉट चारशे सतरा.

"माझा माणूस सुपारी खात न्हाई, मॅडम. नऊ वर्षांत एकदा डुलकी न्हाई. मी भांडायला आले न्हाई. मला एवढंच सांगा, तुम्ही तो तुकडा बघितला होता का?"

"मी स्वतः वाजवला होता," मी म्हणाले. "खणखणीत होता. देवाशपथ."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली. "तुम्ही खोटं बोलत न्हाईसा," म्हणाली. "दिसतंय तुमच्या तोंडावर. मग चाक का वळलं न्हाई?" आणि निघून गेली.

मी तिच्यावरच रागावले. घरी जाऊन आईवरही उगाच खेकसले. टोच्या गप्प होता, मीही खरं बोलत होते, आणि तरी मला अन्न गोड लागेना. दुसऱ्या दिवशी मी चारशे सतराचे तुकडे शोधायला गोदामात गेले. एक नव्हता. गाड्या बनवणाऱ्यांकडचे उरलेले सगळे मार्चमध्येच गुपचूप परत मागवून भट्टीत वितळवले होते. मला न विचारता. निर्दोष माल कोण परत मागवतं?

कायद्यात एक बारीक कलम आहे. तुमच्या छायेला आजवर काय काय विचारलं गेलं, त्याची यादी मागायचा हक्क तुम्हाला असतो. चार वर्षांत अख्ख्या जिल्ह्यात कुणी मागितली नव्हती. मी मागितली. चकतीवाल्यांच्या ऑफिसातल्या मुलीला आधी तो फॉर्मच सापडेना.

यादीत पहिली दोन-तीन पानं खरोखरच तपासणीची होती. मग आली त्या सकाळच्या चार दिवस आधीची तारीख.

पहिली परिस्थिती: लॉट ४१७. वीज गेल्याने रस ओतायच्या लॅडलमध्ये अकरा मिनिटं थांबला. ओतकाम पुढे चालू ठेवलं. उत्तर: टोचेल, तीव्र.

अकरा मिनिटं. मला कागदावर दाखवलेली होती चार.

दुसरी परिस्थिती: वेळ चार मिनिटं दाखवली, कागद खरेदी विभागाचा माणूस आणतो. टोचेल. तिसरी: प्रयोगशाळेचा चांगला अहवाल जोडला. टोचेल. पाचवी: मालक स्वतः केबिनमध्ये येतात. टोचेल, अधिक तीव्र. हे वाचून मला हसू फुटलं, खरंच. आठवी: सहीला फक्त दहा मिनिटं उरलीत. टोचेल. अकरावी: आईच्या ऑपरेशनचा दिवस. टोचेल, मध्यम. असं करत करत ते पुढे सरकत होते, कुलपात एकेक किल्ली घालून बघावी तसे.

तेरावी: आईच्या ऑपरेशनचा दिवस. आ. नेजदार वाजवण्याचा तुकडा स्वतः घेऊन येतात. टोचेल, सौम्य.

चौदावी: वरीलप्रमाणेच. नेजदार आधी आईची चौकशी करतात. सोबत घरचा खर्डा. टोचणार नाही.

मालकांनी फसवलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते. मालकांकडून माझी अपेक्षा तरी काय होती? पण काकींचा खर्डा मला आवडतो, हे मालकांना कुठून माहीत? आबांनी नुसता निरोप पोचवला नव्हता. माझं मन कुठल्या चावीने उघडतं ते त्यांनी स्वतः सांगितलं होतं. माझ्या चांगुलपणाची त्यांनी चौदा वेळा तालीम घेतली, आणि त्यात मुख्य भूमिका आबांनी केली.

त्यांना गरज माझ्या सहीची नव्हती हो. सही कुणाचीही मिळते. त्यांना हवी होती शुद्ध सही. ती फक्त खऱ्या माणसाला खरोखर फसवूनच मिळते, आणि एमआयडीसीतलं सगळ्यात खरं माणूस म्हणून त्यांनी मला शाल पांघरली होती.

आबांनी आठ दिवस माझा फोन उचलला नाही. मी तक्रार नोंदवली होतीच; नवव्या दिवशी जिल्हा चौकशी कक्षाचं पत्र आलं.

चौकशी अधिकारी देशभ्रतार बाई शांत, नेमकं बोलणाऱ्या. एका बाजूला कारखान्याचे वकील, त्यांच्या शेजारी आबा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मागच्या बाकावर रेश्मा, आणि तिच्याजवळ कुबड्या घेतलेला तिचा नवरा सागर. तो मान खाली घालून बसला होता.

मी यादी पुढे ठेवली. देशभ्रतार बाईंनी ती दोनदा वाचली.

वकील म्हणाले, "छायेची तपासणी कारखान्याने संमतीनेच केली आहे, मॅडम. परिस्थिती काल्पनिक असतात. अकरा मिनिटं हीसुद्धा कल्पनाच. वस्तुस्थिती एवढीच, की प्रत्यक्ष सही करताना चौगुलेबाईंना कसलीही टोचणी नव्हती. आणि वाजवलेला नमुना हा आमच्याकडे जपून ठेवलेला आहे."

त्यांनी टेबलावर सांधा ठेवला. ४१७. त्याच्या शेजारी हातोडा, माझा, आबांनी दिलेला.

"नेजदार," बाई म्हणाल्या, "तुम्ही जुने जाणकार. वाजवून दाखवा."

आबांनी तुकडा दोरीला टांगला. मग हातोडा मारला. तोच स्वच्छ, लांब आवाज. सागर कुंभारने पहिल्यांदा मान वर केली. आवाज विरल्यावर आबांनी हलणारा तुकडा एका हाताने थांबवला.

"काय ऐकलंत?"

"खणखणीत," आबा म्हणाले. हात तुकड्यावरच होता, आणि ते खरंच बोलत होते. तो तुकडा चांगलाच होता.

"मी एक विचारू का?" मी म्हणाले. बाईंनी मान हलवली. "आबा, हा तुकडा कुठल्या ढिगातून उचललात?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच, शर्टाची बाही नीट करायची म्हणून, तुकड्यावरचा हात काढून घेतला.

"चारशे सतराच्या," ते म्हणाले.

तुकडा दुसऱ्याच लॉटचा होता, नंबर मागून ठोकलेला; त्या खोलीत हे फक्त मला कळलं. आबांची एकोणीस वर्षांची थट्टा मला त्या दिवशी समजली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागाने आलं की कशाने, मला आजही सांगता येणार नाही.

"हे पुरेसं नाही, चौगुलेबाई," देशभ्रतार बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "मला संशय आहे, हे मी लपवत नाही. पण तुमची सही शुद्ध आहे तोवर मी पुढे खणू शकत नाही. कायद्याने तो माल निर्दोष आहे. तुमच्यावरही काही येत नाही. तुम्ही घरी जाऊ शकता."

मी घरी जाऊ शकत होते. आईकडून गुडघ्याचे व्यायाम करून घ्यायचे होते. नोकरी राहिली असती, शाल राहिली असती. मागच्या बाकावरच्या माणसाला मात्र तुरुंगात जावं लागलं असतं, न घेतलेल्या डुलकीसाठी.

"सही शुद्ध नाही," मी म्हणाले.

"टोचणीची नोंद नाहीये."

"टोचणी नाही, पण नियम मोडलाय. कारखान्याचा लेखी नियम आहे, वाजवायचा तुकडा सही करणाऱ्याने ढिगातून स्वतः उचलायचा. मी उचलला नाही. यांच्या हातून घेतला. नियम मोडून केलेली सही रद्द होते. माझी मी रद्द करते. लिहून घ्या."

वकील उठून उभे राहिले. बाईंनी त्यांना हाताने बसवलं.

"असं लिहून दिलंत तर पहिल्या आरोपी तुम्ही व्हाल, कळतंय ना? परवाना आजच निलंबित होईल."

"कळतंय."

"आणि माल निर्दोष राहणार नाही. मग मी भट्टीच्या नोंदी, वितळवलेला लॉट, ही यादी, सगळं मागवू शकते." हे त्यांनी माझ्यापेक्षा वकिलांना ऐकवलं. मग लिपिकाकडे वळल्या. "टेम्पोचालकाविरुद्धची कारवाई तूर्त स्थगित, असं पोलिसांना कळवा."

रेश्मा नवऱ्याच्या हाताखाली कुबडी नीट बसवत राहिली. जाताना माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही खरंच सांगितलं होतं. तेवढं मला बरं वाटलं."

बाहेर व्हरांड्यात आबा माझी वाट बघत होते. मी टाळून पुढे गेले नाही. मला ऐकायचंच होतं.

"वैजू, लॉट परत केला असता तर ऑर्डर गेली असती. साडेतीनशे घरं हायत शिवतारावर. तुझ्या ओळखीचीच माणसं."

"मग मला खरं सांगून सही मागायची होती."

"खरं सांगितलं असतं तर केली असतीस?"

"नाही."

"मग?" त्यांनी हात पसरले, जणू हिशोब जुळला. मग म्हणाले, "मी त्यांना सांगितलं होतं, टोचणारच म्हणून. तेराव्याला टोचलंच की. मला वाटलं होतं, माझ्या हातनंसुद्धा तू तुकडा घ्यायची न्हाईस. तसंच शिकवलंय मी तुला."

म्हणजे माझीच चूक. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला हे त्यांना माझ्या शिकण्यातलं उणं वाटत होतं. माझं डोकं तापायला हवं होतं, पण काहीच झालं नाही. आत एकदम रिकामं झालं.

"तुम्ही यंत्रापासून, मालकांपासून, खरेदीवाल्यांपासून जपायला शिकवलंत, आबा," मी म्हणाले. "तुमच्यापासून जपायला नाही शिकवलंत."

पिशवीतून खर्ड्याचा डबा काढून त्यांच्या हातात दिला. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, साखर तरी घालतात, किमान चिमूटभर मीठ. आबांनी सवयीने झाकण उघडून बघितलं. आत काही नव्हतं. त्यांनी झाकण लावलं. काकींसाठी मला वाईट वाटलं. त्यांनी खर्डा मनापासूनच दिला असणार.

तिथून मी थेट चकतीवाल्यांच्या ऑफिसात गेले. परवाना गेला म्हणजे टोच्याही काढायचा होता, आणि छायाही पुसून घ्यायची होती. तीच मुलगी होती. या वेळी तिला फॉर्म लगेच सापडला.

"पुसण्याआधी तुम्हाला स्वतः एक प्रश्न विचारता येतो, मॅडम. सहसा कुणी विचारत नाही."

मी विचार केला. मग टंकलं: आबा नेजदार केबिनमध्ये येतात. हातात तुकडा. आईची चौकशी करतात. सोबत काकींचा खर्डा.

उत्तर लगेच आलं. टोचणार नाही.

छायेला कुठून माहीत असणार यादीबद्दल, कुंभारांच्या पायाबद्दल, त्या काढून घेतलेल्या हाताबद्दल? ती चार वर्षांपूर्वीची मी. आबांनी आणलेला कागद न वाचता सही करणारी. त्या यंत्राच्या पोटात ती अजून तशीच बसली होती, आणि आबा दारात आले की तिला अजून बरं वाटत होतं. ठेवली असती तर पुन्हा कुणीतरी पंधरावी तालीम घेतली असती. मला तिचा राग आला, आणि मग इतकं वाईट वाटलं की क्षणभर पेन टेकेना.

मी सही केली.

कानामागे टोच्या टोचला. मुंगी नव्हे, विंचू. डोळ्यांसमोर अंधारी यावी इतका. मुलीच्या पडद्यावर लाल नोंद उमटली.

"मॅडम, तीव्र टोचणी दाखवतेय," ती घाबरून म्हणाली. "सही मागे घ्यायची असेल तर अजून वेळ आहे."

"नको," मी म्हणाले. "टोचू दे."